प्रयागआत्या माणसांत आली

माझ्या आत्याला पागलखान्यात ठेवल्याचं आम्हाला पोस्टकार्डावरून कळलं. १९७१ साल होतं, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. कार्ड आत्याच्या नवऱ्याचं, कृष्णकांतरावांचं. अक्षर वळणदार, मजकूर चार ओळींचा. प्रयागची प्रकृती बिघडल्यामुळे तिला मनोरुग्णालयात दाखल केले आहे, मुलगी शामला आजीजवळ मजेत आहे, काळजी नसावी. बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. आजोबा, म्हणजे रामाजी, ओसरीवर बसले होते. ते उठून गोठ्याकडे गेले.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आमचं घर उमरेडला, शेतीवाडीचं. प्रयाग ही माझ्या वडिलांची, वामनरावांची, एकुलती धाकटी बहीण. ६५ साली तिचं लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मुलगा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून, घरात आई आणि तो एवढीच माणसं, तिथल्या महाल भागात भाड्याचं बिऱ्हाड. पोरीला उन्हातान्हात राबावं लागणार नाही म्हणून घरात सगळे खूश होते. लग्नाआधीची आत्या मला अंधुक आठवते. ती बैलांची दमणी स्वतः हाकत शेतावर जायची आणि वाटेत कोणी भेटलं की दमणी न थांबवताच त्याच्याशी ओरडून बोलायची. तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

महालातल्या त्या घरात काय झालं, ते तिने मला एका बैठकीत कधीच सांगितलं नाही. पुढे कितीतरी वर्षं तुकड्यातुकड्यांनी सांगत राहिली. कधी पीठ मळताना, कधी बसची वाट पाहताना. सांगता सांगता मध्येच थांबायची आणि विचारायची, "असंच झालं असंल ना वं? का मले वाटते नुसतं?"

कृष्णकांतराव आवाज चढवत नसत. शेजाऱ्यांना ते कधी ऐकूच आले नाहीत. दर गुरुवारी मंडळात भजनाला पेटी वाजवायचे आणि बायकांशी खाली मान घालून बोलायचे. मारायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवत. मग त्यांची आई, जिजाबाई, जागेवरून उठत आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेत. मार पाठीवर, मांड्यांवर, दंडाच्या वरच्या भागात, म्हणजे चोळी-लुगड्याखाली झाकलं जाईल तिथेच. कारण काहीही चालायचं. दुसऱ्या दिवशी आत्या मुसमुसताना दिसली तर ते काळजीने विचारत, "काय झालं? काल? काल तर काहीच झालं नाही. तुला स्वप्न पडलं असेल."

मारापेक्षा हेच तिला जास्त लागलं असं ती म्हणायची. कपाटाची किल्ली ते स्वतः कुठेतरी ठेवत आणि चार माणसांसमोर तिला ती शोधायला लावत. किल्ली तांदळाच्या डब्यात सापडे. मग पाहुण्यांकडे बघून म्हणत, "हिचं डोकं जरा ठिकाणावर नसतं आजकाल." जिजाबाई मान हलवत. दोन-तीन वर्षांत आत्यालाही तसंच वाटायला लागलं. पदराला गाठी मारून ती गोष्टी लक्षात ठेवू पाहायची आणि संध्याकाळी कोणती गाठ कशासाठी मारली तेच तिला आठवायचं नाही.

ती दोनदा पळून उमरेडला आली होती. पहिल्यांदा लग्नानंतरच्या वर्षी. तेव्हा आजोबांनी तिला दोन दिवस ठेवून समजूत घालून पाठवलं. दुसऱ्यांदा ६८ साली, सात महिन्यांची शामला कडेवर घेऊन. त्या वेळी न्हाणीत तिने माझ्या आईला पाठ दाखवली. आई बाहेर आली ती थेट बाबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीले आता पाठवू नका." बाबांनी ते आजोबांच्या कानावर घातलं. आजोबा म्हणाले, रामाजीची पोरगी नवरा सोडून आली हे मला ऐकायचं नाही. तिसऱ्या दिवशी कृष्णकांतराव आले, पेढ्यांचा पुडा घेऊन. आजोबांच्या पाया पडले. बाबांनी आत्याला एसटीत नेऊन बसवलं आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. मी तिथेच उभी होते. गाडी सुटेपर्यंत आत्याने बाबांकडे एकदाही पाहिलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं ती आली नाही. हळूहळू तिचं बोलणं बंद झालं. बोलावं आणि ते खोटं ठरावं, यापेक्षा न बोललेलं बरं, असं आधी होतं. मग बोलायचं म्हटलं तरी बोलता येईना. स्टोव्हसमोर उभी राहायची आणि भात करपून धूर झाला तरी तिला कळायचं नाही. तेव्हा कृष्णकांतरावांनी दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा कागद मिळवून तिला दाखल केलं. आपली बायको वेडी आहे हे आता त्यांना कागदावर दाखवता येणार होतं.

पोस्टकार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा नागपूरला गेले. भेटीच्या खोलीत आत्याला आणलं तेव्हा तिने भावाकडे न बघता, बरोबर आलेल्या नर्सला विचारलं, "बसू का?" नर्सने हो म्हटल्यावर बसली. पाणी समोर ठेवलं तर म्हणाली, "पिऊ का?" अर्ध्या तासात ती एवढंच बोलली. बाबा परत आले ते जेवलेच नाहीत.

त्या नर्सचं नाव प्रेमिला सिस्टर. वयाने आत्याहून थोडी मोठी, बुटकी, करड्या आवाजाची. दाखल केल्याच्या दिवशी आत्याला आंघोळ घालताना तिने अंगावरचे वळ पाहिले होते. जुने, नवे, काही पिवळे पडलेले. तिने विचारलं तर आत्या म्हणाली, "मीच पडली जी." सिस्टरने वाद घातला नाही. डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं आणि एकेक वण त्यांच्याकडून केसपेपरवर लिहून घेतला.

आत्या तिथे चार महिने होती. पागलखान्याची तिला भीती वाटली नाही का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली की पहिले आठ दिवस ती नुसती झोपली. कोणी मारायला येत नाही हे अंगाला पटायला तेवढे दिवस लागले. वॉर्डात बायका रडत, ओरडत, एक तर दिवसभर भिंतीशी भांडायची. पण रडलेलं रडणं होतं, ओरडलेलं ओरडणं होतं. नंतर येऊन कोणी तिला असं सांगत नव्हतं की हे झालंच नाही.

डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी बाबांना बोलावून घेतलं. नवऱ्याला तीन पत्रं गेली होती, तो आला नव्हता. त्या बाबांना म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला वेड लागलेलं नाही. मारून आणि खोटं पाडून तिला गप्प केलंय. न्यायची असेल तर तुमच्या घरी न्या. तिकडे परत पाठवायची असेल तर मी कागदावर सही करणार नाही." बाबा आमच्या गावात चार माणसांत बोलणारे गृहस्थ होते. तिथे ते नुसते हो म्हणाले आणि संक्रांतीच्या आधी आत्याला घेऊन आले. आजोबांनी तिला घरात घेऊ नका असं म्हटलं नाही, पण ७४ साली ते वारले तोवर तिच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

घरी आलेली आत्या मला परकीच वाटली. पाणी घेऊ का, दिवा लावू का, बाहेर जाऊ का. दिवसातून पन्नासदा विचारायची. मागून कोणी आलं की दोन्ही हात डोक्यावर जायचे. बाबा हात धुवायच्या आधी घड्याळ काढत, ते एकदा तिने पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. कारण कळल्यावर बाबांनी घड्याळ वापरायचंच सोडलं. गल्लीतल्या बायका दळणाच्या निमित्ताने तिला पाहायला यायच्या. आम्ही शाळेत गेलो की बाकीची पोरं 'पागलवाल्या घरचे' म्हणून चिडवायची. मीही एकदा आईला विचारलं, ही परत कधी जाणार? आईने मला मारलं नाही, पण त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

दर महिन्याला आई तिला एसटीने नागपूरला डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. बाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि एक काम सांगितलं होतं. रोज एक गोष्ट प्रयागने स्वतःच्या मनाने ठरवायची. कितीही लहान चालेल, पण कोणाला विचारायचं नाही. आईने ते अगदी मनावर घेतलं. पहिल्या दिवशी तिने सुपात वांगी आणि चवळीच्या शेंगा ठेवल्या आणि म्हणाली, "प्रयाग, यातलं काय रांधायचं ते तू पाह्य वं. मी वावरात चालली." आणि खरंच निघून गेली.

मी शाळेतून आले तेव्हा आत्या सुपासमोर तशीच बसलेली होती. चूल थंड. तिच्या कपाळावर घाम होता. ती मला म्हणाली, "तुले काय आवडते?" मला आईने बजावून ठेवलं होतं म्हणून मी उत्तर दिलं नाही. ती रडायला लागली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी चटणी-भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने दोन्ही भाज्या एकाच कढईत टाकून शिजवल्या. चव कशी होती ते सांगत नाही. पण आईने दुसऱ्यांदा वाढून घेतली. पुढे आठवडाभरात ती एकच भाजी निवडायला लागली. कोणती करायची हे ठरवताना मात्र तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा.

दीड वर्ष असं चाललं. ती थोडी बोलायला लागली, शेजारच्या बायकांत बसायला लागली. मग ७३ च्या उन्हाळ्यात तिने स्वतःहून सांगितलं की तिला शामलाला पाहायचं आहे. बाबा तिला घेऊन महालात गेले. मीही सोबत होते. दार जिजाबाईंनी उघडलं. आत येऊ दिलं नाही. शामला पाच वर्षांची झाली होती, आजीच्या पदरामागून बघत होती. आत्या खाली बसली आणि तिने हात पुढे केला. शामला मागे सरकली आणि आजीला म्हणाली, "हीच का ती पागल?" जिजाबाईंनी तिला आत नेलं आणि दार लावलं. आत्या उठली आणि जिना उतरून खाली गेली.

घरी आल्यावर तिने खाणं सोडलं. पुन्हा विचारायला लागली, उठू का, बसू का. आई हरल्यासारखी झाली. दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी आई अंगणात झाडत होती, तर आत्या हातात पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवीत दोन लुगडी आणि कंगवा होता. ती म्हणाली, "वहिनी, मले तिथं नेऊन दे. मले बरं नाही वाटून राहिलं." तिथं म्हणजे कुठे, हे आईला विचारावं लागलं नाही. लोक ज्या जागेचं नाव घेताना आवाज खाली करत, तिथे आत्या या वेळी स्वतःच्या पायांनी गेली. सहा आठवडे राहिली. डॉक्टरीणबाई पुढे आईला म्हणाल्या की ती बरी होणार हे मला त्या दिवशी कळलं. आम्हाला मात्र तसं काही कळलं नाही. आम्हाला ती आणखी खचल्यासारखीच दिसली.

पुढच्या दोन वर्षांत ती सावरत गेली, पण उमरेडात तिचा जीव रमेना. गावासाठी ती कायमचीच पागल झाली होती. ७५ साली मी नागपूरला अध्यापिका विद्यालयात गेले तेव्हा प्रेमिला सिस्टरने तिच्यासाठी काम शोधलं. धंतोलीच्या बाजूला कुसुमताई म्हणून एक बाई मुलींचं वसतिगृह चालवत. सिस्टरने त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि आत्याला एवढंच विचारलं की चाळीस मुलींच्या पोळ्या एका वेळी होतील का. आत्या म्हणाली, होतील. मीही त्याच वसतिगृहात राहिले. सुरुवातीला ती पोळी तव्यावर टाकायच्या आधी ताईंकडे बघायची. ताई मुद्दाम दुसरीकडे बघत.

७७ साली दिवाळीच्या आधी आम्ही दोघी बर्डीवर बाजाराला गेलो होतो. व्हरायटी चौकाजवळच्या एका दुकानात मी कापड बघत होते. वळून पाहिलं तर आत्या नव्हती. दहा-पंधरा पावलांवर ती रस्त्याने चालली होती, मान खाली घालून, आणि तिच्या पुढे कृष्णकांतराव. त्यांनी मागून येऊन हळूच म्हटलं होतं, "चल प्रयाग. पुरे झालं आता." आणि तिचे पाय निघाले होते. सहा वर्षांनंतर, एवढ्याशा वाक्यावर. ती मला पुढे म्हणाली की त्या वेळी तिच्या डोक्यात काहीच नव्हतं, नुसते त्यांच्या चपला दिसत होत्या.

दुकानदाराने हाक मारली, "बाई, पिशवी राहिली तुमची." आत्या थांबली. मागे वळून तिने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कृष्णकांतरावही थांबले. मी पिशवी घेऊन धावत पोचले तेव्हा ते त्याच मऊ आवाजात म्हणत होते की लोक बघताहेत, तमाशा करू नकोस.

आत्या म्हणाली, "मी नाही येऊन राहिली."

ते हसले. आजूबाजूला दोन-चार माणसं थांबली होती, त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "माफ करा, ही पागलखान्यात होती."

"होती," आत्या म्हणाली. "तिथंच बरी झाली मी."

एवढं बोलून ती वळली. आम्ही सायकलरिक्षात बसलो. वसतिगृहाच्या दारापर्यंत ती ताठ बसली होती. आत गेल्यावर तिला उलट्या झाल्या. पुढचे तीन दिवस तिच्या हातात लाटणं टिकेना, पोळ्या मी आणि ताईंनी लाटल्या. चौथ्या दिवशी ती परत कामाला उभी राहिली. कृष्णकांतराव त्यानंतर आले नाहीत. पण रस्त्यात कोणी मऊ आवाजात बोललं की ती आजही दचकते.

८० साली तिने हुडकेश्वरला खोली घेतली. तेव्हा ते शहराबाहेरचं खेडंच होतं, बसपासून बरंच चालावं लागायचं. मला नोकरी लागली होती, मी तिला शहरातच जवळपास खोली बघू म्हणत होते. ती म्हणाली, तीच हवी. त्या खोलीला दाराची कडी आतून मजबूत होती आणि खिडकी शेताकडे उघडत होती. खिडकी ती थंडीतही लावत नसे.

८२ साली बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते आठवडाभर तिच्याकडे राहिले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "प्रयाग, मी तुले त्या दिवशी गाडीत बसवून देलं."

"हो," आत्या म्हणाली.

बाबांनी विचारलं, "मनातून गेलं काय तुह्या?"

"नाही गेलं, भाऊ. जाते म्हनून खोटं कायले सांगू." ती उठली, ताटात भाकर कुस्करली. "पण आणायलेही तूच आला होता. मले दोन्ही आठवते." मग तिने घास त्यांच्या हातात दिला. बाबांच्या पट्टीखालून पाणी येत होतं. डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती त्यांना रागावली.

शामला आली ती ८७ साली, मार्चमध्ये. एकोणीस वर्षांची, वडिलांसारखं शुद्ध बोलणारी. पत्ता तिने कुसुमताईंकडून घेतला होता. रविवार होता म्हणून मीही आत्याकडे होते. शामला खाटेच्या कडेवर बसली आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगायला लागली. आईचं नाव निघालं म्हणून तिची दोन स्थळं मोडली होती. आता अमरावतीकडचं एक जमत होतं. त्या लोकांना वडिलांनी सांगितलं होतं की मुलीची आई लहानपणीच वारली. "तुम्ही लग्नाला येऊ नका," ती म्हणाली. "आणि कोणी चौकशीला आलंच तर तुम्ही त्या नाहीत असं सांगा." आपल्या आईला ती तुम्ही म्हणत होती.

आत्याचे हात मांडीवर होते. मला वाटलं आता ती पुन्हा ढासळणार.

"लग्नात नाही येत मी," ती म्हणाली. "तुह्यं चांगलं व्हावं. पण मी मेली असं मी नाही म्हननार, बाई. तुह्या बापानं मले लय वर्षं सांगितलं का झालेलं झालंच नाही. आता मी नाहीच हाय, हे मी कोनाले सांगू? कोनी पुसलं तर मी हाय म्हनीन."

शामलाचा चेहरा उतरला. ती उठली. आत्याने तिला थांबवून चहा दिला. तिने तो उभ्यानेच प्यायला. जाताना आत्या तिला एवढंच म्हणाली की हे घर तुला ठाऊक झालं आहे, दार कधीही वाजव. शामलाने मान हलवली की नाही, मला दिसलं नाही. ती गेल्यावर आत्या म्हणाली की मुलीचे कान आत्याच्या आईसारखे, म्हणजे माझ्या आजीसारखे आहेत. मग ती खाटेवर पडली आणि दोन दिवस कामाला गेली नाही. त्या वेळी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. जुन्या बाई निवृत्त झाल्या होत्या. नव्या डॉक्टरांना तिने आपली सगळी हकीकत स्वतःच सांगितली. सुरुवातीपासून, क्रमाने. मध्ये एकदाही थांबून मला विचारलं नाही की असंच झालं ना.

लग्न झालं. चौकशीला कोणी आलं नाही. त्या दिवशी आत्याने वसतिगृहात रोजच्यासारख्या पोळ्या केल्या.

त्यानंतर शामला एकदाच आली आहे, गेल्या वर्षी, कडेवर मुलगा घेऊन. सासरी काय सांगून आली ते तिने सांगितलं नाही, आत्याने विचारलं नाही. तासभर बसली. मुलगा झोपला होता, त्याला तिने आत्याच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः खिडकीपाशी उभी राहून शेताकडे बघत राहिली. जाताना पुन्हा येईन असं म्हणाली नाही. पण या वेळी ती आत्याला तुम्ही नाही, अगं म्हणाली.

आत्या आता त्रेचाळीस वर्षांची आहे. गोळी अजून घेते. वर्षातून एक-दोन वेळा तिचे दिवस वाईट येतात. तेव्हा ती मला निरोप पाठवते आणि मी जाऊन तिच्याकडे राहते. आम्ही फार बोलत नाही. मी स्वयंपाक करते, ती खिडकीत बसते. मग एखाद्या सकाळी उठून ती स्वतःच कणीक मळायला घेते.